शेजारच्या आंटींचा डबा आणि सासूबाईंची असिट्रॉम

प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी सिंगापूरला आलेल्या सासूबाई, वय ६८. अकरा वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदललेली, धातूची. त्यासाठी रोज असिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. आल्यापासून थकलेल्या आहेत, जेवण जात नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आंटींनी मायेने एक डबा आणून दिला. त्यात जिनसेंगचे पातळ काप, सूपसाठी वाळलेल्या मुळ्या आणि लाल फळांचं पुडकं, आणि बाळंतपणानंतर सुनेचे केस गळतायत म्हणून काळपट तपकिरी गोळ्यांची बाटली. बाळ पाच महिन्यांचं, अंगावर पितं. सून विचारते, हे आपल्या च्यवनप्राशासारखंच ना? नाही म्हटलं तर आंटी दुखावतील.

आधी तातडीचं सांगते, बाकीचं सवडीने वाचा. सासूबाईंना जिनसेंगही नको आणि ते सूपचं पुडकंही नको. एकदोनदा दिलं असेल तर घाबरून जाऊ नका, पण या आठवड्यातच रक्ताची आयएनआर तपासणी करून घ्या. रक्त किती पातळ आहे ते हा आकडा सांगतो, आकडा जितका वर तितकं रक्त पातळ. असिट्रॉमचा डोस मनाने कमीजास्त करू नका. आणि तुम्ही ती गोळ्यांची बाटली उघडू नका. उघडली असेल तर आजपासून बंद.

मी सिंगापूरच्या एका रुग्णालयात तेवीस वर्षं फार्मासिस्ट म्हणून काम केलं. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांच्या क्लिनिकमध्ये गेली. समोर बसलेल्या दर दुसऱ्या आजींच्या पिशवीत असा एखादा डबा असायचा. आयएनआरचा आकडा अचानक हलला की मी पहिला प्रश्न विचारायची, "गेल्या महिन्यात घरी कुणी सूप केलं का? कुणी काही आणून दिलं का?" औषध घेतलं का, असं विचारलं तर उत्तर नेहमी "नाही" असायचं. कारण कुणाच्याच मनात ते औषध नसतं. ते मुलीने आणलेलं असतं, शेजारणीने दिलेलं असतं, नववर्षाची भेट म्हणून आलेलं असतं. माझी सगळी काळजी इथेच आहे. ज्या वनस्पतींना चिनी वैद्यकाने औषध म्हणून तोलून-मापून वापरलं, त्या भेटवस्तूच्या डब्यात शिरल्या की त्यांचं नाव, त्यांचं माप आणि त्या कुणासाठी आहेत हे तिन्ही हरवतं.

आता सासूबाईंचा थकवा. झडप बदललेल्या, मधुमेही, ६८ वर्षांच्या बाईच्या थकव्याला मी नुसती "कमजोरी" म्हणणार नाही. असिट्रॉमवर असताना पोटात हळूहळू रक्तस्राव होत असेल तर पहिली तक्रार पुष्कळदा थकव्याचीच असते, म्हणून हिमोग्लोबिन बघा आणि शौचाचा रंग काळा आहे का ते विचारा. बारीक ताप येत असेल तर तो झडपेवरच्या जंतुसंसर्गाचा असू शकतो. तिथे एक दिवसही दवडू नका. जेवण जात नसताना ग्लिमेपिराइड चालू राहिलं तर साखर खाली येते आणि माणूस गळून जातो. शिवाय जेवण कमी म्हणजे पालेभाज्या कमी, पालेभाज्या कमी म्हणजे के जीवनसत्त्व कमी, आणि मग त्याच असिट्रॉमच्या गोळीने रक्त नेहमीपेक्षा जास्त पातळ होतं. म्हणजे डबा न उघडताही त्यांचा आयएनआर आत्ता हललेला असू शकतो. त्यांच्यासारख्या झडपेला तो साधारण अडीच ते साडेतीन लागतो, नेमकी मर्यादा त्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर असेल. इथल्या पॉलिक्लिनिकमध्ये परदेशी पाहुण्यांनाही पैसे भरून दाखवता येतं. बरोबर गोळ्यांचं पाकीट न्या, कारण इथे असिट्रॉम फारसं वापरत नाहीत, वॉरफरिन वापरतात. दोन्ही एकाच घराण्यातली, पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारखी नाहीत.

जिनसेंग का नको? २००४ साली निरोगी स्वयंसेवकांना वॉरफरिन देऊन त्यावर दोन आठवडे अमेरिकन जिनसेंग दिलं, तेव्हा आयएनआर उतरला. म्हणजे रक्त पुन्हा गोठण्याकडे झुकलं. आशियाई जिनसेंगवरच्या काही अभ्यासांत असा फरक दिसला नाही, हेही खरं. पण जिनसेंग घेणाऱ्या रुग्णाच्या कृत्रिम झडपेवर गाठ धरल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. धातूच्या झडपेवर रक्ताची गाठ धरली तर झडप अडकते, किंवा गाठ सुटून मेंदूत जाते. जिथे चुकीची किंमत एवढी, तिथे "कदाचित काही होणार नाही" यावर मी कुणाच्या आईला सोडणार नाही. दुसरीकडे, तुम्ही वर्णन केलेल्या पुडक्यात जवळजवळ नक्की दांगग्वी असेल. पांढरट, फुलपाखराच्या आकाराचे चपटे काप, ओव्याच्या कुळातला तीव्र वास. ही उलट दिशेने जाते. वॉरफरिन घेणाऱ्या एका स्त्रीचा आयएनआर दांगग्वी सुरू केल्यावर दुपटीच्या वर गेला आणि थांबवल्यावर महिनाभरात जागेवर आला, ही १९९९ मधली नोंद. ती लाल फळं गोजी बेरी. तिच्या दाट काढ्याने आयएनआर चारच्या वर गेल्याची नोंद २००१ ची आहे. एक वर नेतं, एक खाली आणतं, मग दोन्ही दिली तर बरोबरी होईल, असं मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारलं होतं. तसं होत नाही. रोज वेगळं माप पडतं, आकडा रोज वेगळीकडे जातो, आणि आमच्या हातात धरायला काही उरत नाही.

एवढं वाचून चिनी वैद्यक म्हणजे सगळा धोकाच, असं मनात घेऊ नका. मी त्या विद्येचा आदर करायला शिकले ते इथल्या जुन्या मेडिकल हॉलमध्ये. चिनी औषधांच्या दुकानाला सिंगापूर-मलेशियात मेडिकल हॉल म्हणतात. भिंतभर लाकडी खण, छोटा तराजू, गुलाबी कागदाच्या पुड्या. ही परंपरा इथे कष्टकऱ्यांबरोबर आली. आज मॉलमॉलमध्ये दिसणारं यू यान सांग हे नाव १८७९ मध्ये मलायातल्या गोपेंग गावी, कथलाच्या खाणीतल्या मजुरांसाठी काढलेल्या दुकानापासून सुरू झालं. घर सोडून आलेल्या, अंगमेहनतीने मोडलेल्या माणसांना "शरीर भरून काढणारं" काहीतरी हवं होतं.

भरून काढणं, हाच "बू" या चिनी शब्दाचा अर्थ. आपल्याकडे बृंहण किंवा रसायन म्हणतो त्याच्या जवळचा. पण तो एकजिनसी नाही. काय कमी पडलं आहे, यावर बूचे चार वर्ग पडतात. ची, म्हणजे जीवनशक्ती, कमी असेल, दम लागतो, जेवण पचत नाही, आवाज बसका, तर जिनसेंग, दांगशेन, हुआंगची. रक्त कमी असेल तर दांगग्वी, शिजवलेलं दिहुआंग, पांढरी बाइशाओ. यिन कमी, म्हणजे अंगात कोरडी उष्णता, रात्री घाम, तर माइमेनदोंग, गोजी, अमेरिकन जिनसेंग. यांग कमी, हातपाय गार, कंबर धरलेली, तर दुझोंग किंवा हरणाचं कोवळं शिंग. थंडीने गारठलेल्याला यिनचं औषध दिलं तर त्यांच्याच शास्त्राप्रमाणे तो आणखी बिघडतो. इथले लोक रोजच्या बोलण्यात "हीटी" आणि "कूलिंग" म्हणतात, ते आपल्या "गरम पडलं", "थंड पडलं" इतकंच सहज. कोरियन लाल जिनसेंग हीटी, अमेरिकन कूलिंग. नाव एक, वनस्पती वेगळ्या, काम वेगळं.

आणि त्यांचाच एक नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सर्दीताप अंगात असताना टॉनिक द्यायचं नाही. का, तर चोर घरात असताना दार लावून घेतल्यासारखं होतं. आपल्या आयुर्वेदातल्या वाग्भटाने हेच वेगळ्या प्रतिमेने सांगितलं आहे. मळक्या कापडाला रंग चढत नाही, तसं शुद्धी न झालेल्या शरीरात रसायन फुकट जातं. अति खचलेल्या माणसाला टॉनिक सोसत नाही, अशीही चिनी म्हण आहे. म्हणून जाणता चिनी वैद्य आधी नाडी आणि जीभ बघतो, भूक लागते का विचारतो, आणि पुष्कळदा टॉनिक न देता पाठवतो. अकराव्या-बाराव्या शतकातला बालवैद्य च्यान यी याने लहान मुलांसाठी जुन्या पाठातली दोन उष्ण द्रव्यं काढून सहा द्रव्यांचा पाठ बनवला, तो आजही लिउवेई दिहुआंग म्हणून विकला जातो. त्या सहांतली तीन भरणारी आणि तीन निचरा करणारी आहेत. टॉनिकातही निम्मं काम वाट मोकळी करण्याचं. भेटीच्या डब्यात ही तीन कधीच नसतात, नुसती भरणारी असतात, कारण महाग तीच.

मग "दीर्घकाळ घ्या, अपाय नाही" ही समजूत आली कुठून? चिनी वैद्यकाच्या सर्वांत जुन्या औषधग्रंथात, शननोंगच्या नावावरच्या, ३६५ द्रव्यांचे तीन दर्जे केले आहेत. वरच्या दर्जाची १२० द्रव्यं विषारी नाहीत, कितीही दिवस घेतली तरी चालतील, असं तिथे म्हटलं आहे. जिनसेंग त्यात आहे. आणि त्याच वरच्या दर्जात सुरुवातीलाच हिंगूळ आहे, म्हणजे पाऱ्याचं संयुग. अमरत्वाच्या अशाच गोळ्यांनी पुढे चीनच्या थांग घराण्याचे काही सम्राट गेले. जुनं आहे म्हणून तपासून झालेलं आहे, असं धरून चालता येत नाही. लगेच होणारा अपाय पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवात पकडला जातो. वीस वर्षांनी होणारा कर्करोग, किंवा हजारात एखाद्याच्या यकृताला होणारी इजा कुणा वैद्याच्या नजरेत येणं कठीण. त्यासाठी नोंदी लागतात.

आता तुमच्या बाटलीकडे येते, कारण यावर मला मोकळेपणाने बोलायचं आहे. केसांसाठी दिलेल्या काळपट गोळ्या म्हणजे बहुधा हशौवू. नावाची गोष्ट गोड आहे. ह आडनावाच्या म्हाताऱ्याने हे मूळ खाल्लं आणि त्याचे पांढरे केस काळे झाले. कच्चं मूळ रेचक असतं, म्हणून काळ्या सोयाबीनच्या रसात शिजवून घेतात आणि मग ते टॉनिक होतं. चीनमध्ये, इथे, सगळीकडे ते केसांसाठी खपतं. आणि वनस्पतींमुळे यकृताला सूज येण्याच्या नोंदींत हे नाव पुन्हा पुन्हा येतं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २००६ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनीच दाखवलं की एचएलए-बी ३५:०१ हा जनुकीय प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना हा धोका पुष्कळ जास्त असतो. आपल्यात तो आहे का, हे घरबसल्या कुणाला कळणार? म्हणून "आंटी वीस वर्षं घेतायत, त्यांना काही झालं नाही" हे खरं असूनही तुम्हाला लागू होत नाही. शिजवलेल्या प्रकाराने धोका कमी होतो, जात नाही.

माझ्या पाहण्यातली एक तरुण मुलगी, केसांसाठीच दोन महिने घेत होती. अंगाला खाज, लघवी चहासारखी, मग डोळे पिवळे. औषध थांबवल्यावर ती बरी झाली, पण पूर्ववत व्हायला तीन महिने गेले. तिने डॉक्टरांना पहिल्या भेटीत बाटलीबद्दल सांगितलंच नव्हतं. ते तिच्या लेखी औषध नव्हतं.

मराठी वाचकांना हे लांबचं वाटू नये म्हणून सांगते. २०२० च्या अखेरीस, कोविडच्या काळात, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीचा काढा घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, वाद झाला. पण काढा दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने, कुणी न सांगता घेण्याचं प्रमाण त्या काळात किती वाढलं होतं, हे आपण सगळ्यांनी आपापल्या घरात पाहिलं आहे.

बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस गळतात, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतात. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात ते एकदम सुटतात, एवढंच. बाळ वर्षाचं होईतो बहुतेकींचे केस पुन्हा भरतात. लोह आणि थायरॉइड तपासून घ्या. बाळ अंगावर पीत असताना ज्याचा दुधातून जाणारा अंश कुणी मोजलेला नाही अशी गोळी केसांसाठी घेणं मला पटत नाही.

ज्येष्ठमधाबद्दल दोन शब्द, कारण ते आपल्याही घरात असतं. चिनी पाठांत गानत्साओ या नावाने ते इतक्या ठिकाणी येतं की दोन-तीन औषधं एकदम घेणाऱ्याच्या पोटात नकळत बरंच जातं. त्यातला ग्लिसिऱ्हायझिन हा घटक शरीराला मीठ धरून ठेवायला लावतो, पोटॅशियम बाहेर घालवतो. रक्तदाब चढतो, पाय सुजतात, पायांत गोळे येतात. लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयाची डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम उतरणं हृदयाच्या ठोक्यांवर येतं. घशाला एक कांडी चघळण्याबद्दल मी बोलत नाही. रोजचा काढा, महिनाभर, आणि रक्तदाब गोळ्यांनाही जुमानत नाही, असं झालं की मी ज्येष्ठमध शोधते.

नावांचा घोटाळा हा वेगळाच धोका आहे आणि त्याने सगळ्यात मोठं नुकसान केलं. ब्रसेल्समधल्या एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये गोळ्यांत फांगजी नावाचं चिनी मूळ घालायचं होतं. फांगजी नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. आलं ते अॅरिस्टोलोकिया जातीचं. शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडं खराब झाली, १९९३ मध्ये हे उघड झालं. २००० मध्ये त्यांतल्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडं काढून तपासली, तेव्हा १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग निघाला. अॅरिस्टोलोकिक आम्ल आज माणसात कर्करोग घडवणारं द्रव्य म्हणून निर्विवाद मानलं जातं. ते टॉनिक नव्हतं, पण धडा टॉनिकालाही लागू आहे. पाकिटावर फक्त "फांगजी" किंवा असंच घोटाळ्याचं दुसरं नाव "मूतोंग" लिहिलं असेल तर ते कुठलं, हे तुम्हाला सांगता येणार नाही. आपल्याकडची ईश्वरी किंवा सापसंद ही याच जातीची वेल आहे. गावाकडे कुणी तिचं मूळ उगाळून देत असेल तर त्यांनाही हे सांगा.

आणि मग भेसळ. २००८ च्या जानेवारी ते मे, हे पाच महिने मी विसरणार नाही. मधुमेह नसलेले १५० जण रक्तातली साखर धोकादायक उतरलेल्या अवस्थेत सिंगापूरच्या सरकारी रुग्णालयांत आले. एक सोडता सगळे पुरुष. बहुतेक जण सांगायला लाजत होते. पौरुषशक्तीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल त्यांनी घेतल्या होत्या, काही वनौषधी म्हणून, काही नकली गोळ्या. त्यांत ग्लिबेनक्लामाइड निघालं, मधुमेहाचं जोरकस औषध, तेही भलत्या प्रमाणात. सात जण कोमातून बाहेर आले नाहीत, त्यांतले चार दगावले. नाव वनस्पतीचं आणि आत रसायन, हा प्रकार आजही आहे. सांधेदुखीच्या "हर्बल" गोळीने दोन दिवसांत चमत्कार झाला तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. आणि अशी गोळी महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. अचानक बंद केल्याने शरीर कोसळतं. मुळांनी एवढ्या लवकर काम करणं हे मी तेवीस वर्षांत पाहिलं नाही.

बचनागाचं एवढंच सांगते, की चिनी फुझी आणि आपला बचनाग एकाच जातीचे. दोन्हीकडे शोधन केल्याशिवाय, म्हणजे प्रक्रिया करून विष उतरवल्याशिवाय, वापरत नाहीत. शोधन अर्धवट राहिलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस जातो. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एकाच दुकानातून घेतलेल्या पुडीच्या चहाने दोघं अत्यवस्थ झाली, त्यांतली एक स्त्री वाचली नाही. "यांग वाढवणारं" म्हणून कुणी घरी उकळायला फुझी दिलं तर ते घरात आणू नका.

मग उपयोग काहीच नाही का? आहे. पण तो लोक समजतात त्यापेक्षा लहान आणि नेमका आहे. कर्करोगाच्या रुग्णांना येणाऱ्या थकव्यावर अमेरिकन जिनसेंग देऊन पाहिलं गेलं, ३६४ रुग्णांवर, रोज दोन ग्रॅम. चार आठवड्यांना फरक नव्हता, आठ आठवड्यांना थकवा थोडा कमी झालेला दिसला. मी अशा काही रुग्णांना कर्करोगतज्ज्ञांशी बोलून ते घ्या म्हटलं आहे. दांगग्वी मात्र रजोनिवृत्तीतल्या गरम वाफांवर एकटी देऊन १९९७ मध्ये ७१ स्त्रियांवर पाहिली, २४ आठवडे, आणि तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा ती सरस ठरली नाही. चिनी वैद्य यावर म्हणतात की आम्ही ती एकटी कधी देतच नाही. हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण मग ती बाटलीत एकटी भरून विकायलाही नको, हेही तितकंच रास्त.

आणि सूप. आजारातून उठलेल्या माणसासाठी कोंबडी, आलं, चार लाल खजूर, शानयाओ नावाच्या कंदाचे काप घालून मंद आचेवर तीन तास ठेवलेलं सूप हे उत्तम अन्न आहे. ते लाल खजूर खरं तर खजूर नव्हेतच, आपल्या बोराचं चिनी भावंड. चिनी घरांतही बाळंतीण महिनाभर घराबाहेर पडत नाही, तिला आलं, तिळाचं तेल आणि तांदळाची दारू घालून कोंबडी शिजवून देतात. डिंकाचे लाडू आणि हळिवाची खीर देणाऱ्या आपल्या आज्यांना हे लगेच कळेल. तुमची प्रकृती ठीक असेल तर दांगग्वीशिवाय आणि दारूशिवाय असं सूप तुम्ही खुशाल प्या.

विकत घेणारच असाल तर सुटी, ओळखू येणारी वस्तू घ्या, चूर्ण नको. फार पांढरी शुभ्र किंवा भडक लाल असेल, आंबूस वास येत असेल तर गंधकाची धुरी दिलेली असण्याचा संभव, दम्याच्या माणसाने टाळावी. दुकानदाराकडून चिनी अक्षरांत आणि लॅटिन वनस्पतिनामात नाव लिहून घ्या आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. कुठल्याही डॉक्टरांपुढे तोच फोटो धरला तर दहा मिनिटांचा गोंधळ वाचतो. वैद्याकडे जायचं तर नोंदणीकृत वैद्याकडे. सिंगापूरमध्ये २००० च्या कायद्याने चिनी वैद्यांची नोंदणी बंधनकारक झाली, दवाखान्यात प्रमाणपत्र लावलेलं असतं. एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर जिनसेंग निदान आठ दिवस आधी बंद. अवयवरोपण झालेल्यांनी हुआंगची आणि वूवेइझी यांच्या वाटेला जाऊ नये. वूवेइझीने टॅक्रोलिमसची, म्हणजे रोपणानंतर रोज घ्याव्या लागणाऱ्या औषधाची, रक्तातली पातळी चढते. मूत्रपिंड किंवा यकृत आधीच कमजोर असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी, संप्रेरकांशी निगडित स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी, कुठलंही टॉनिक स्वतःच्या मनाने घेऊ नये. भारतातून मला कीडाजडीबद्दल, म्हणजे अळीवर वाढणाऱ्या त्या महाग बुरशीबद्दल, फार विचारणा होते, उत्तराखंडातली म्हणून आपली वाटते. तिच्यापासून बनवलेल्या उत्पादनांत आर्सेनिक जास्त निघाल्याने चीनच्या नियंत्रकांनीच २०१६ मध्ये इशारा दिला होता. लाखांच्या भावाने ती घेण्याइतका पुरावा माझ्यासमोर आलेला नाही.

राहिला आंटींचा प्रश्न. त्यांना नाही म्हणू नका, कारण सांगा. "सासूबाई वॉरफरिनसारख्या गोळीवर आहेत" एवढं एक वाक्य पुरेल. सिंगापूरमधल्या पुष्कळ चिनी घरांत कुणी ना कुणी म्हातारं त्या गोळीवर असतं, आणि त्या माणसाला दांगग्वी द्यायची नाही हे त्यांना क्लिनिकमध्ये सांगितलेलं असतं. माझा अनुभव असा, की हे ऐकल्यावर अशा बायका स्वतःच पुडकं उघडतात, त्यातले काप वेचून बाजूला काढतात, आणि दुसऱ्या दिवशी दार वाजवून एक झाकणाचं भांडं हातात देतात. त्यात तांदूळ मऊ उकडून केलेली कान्जी असते, वर आल्याचे बारीक तुकडे आणि किंचित मीठ. सासूबाईंना ती द्या. आजारपणातला गुरगुट्या भात त्यांच्या ओळखीचा आहे, आणि जेवण न जाणाऱ्या माणसाला दोन वाट्या त्याच सोसतात. फक्त ग्लिमेपिराइडची गोळी त्या दिवशी किती घ्यायची, ते आधी डॉक्टरांना फोन करून विचारा.